सातपुडा : नामकरण व भूगोल

सातपुडा : मध्य भारतातील पूर्व-पश्चिम पसरलेली पर्वतरांग. लांबी सु. ९०० किमी. गुजरातमधील राजपीपला टेकड्यांपासून मध्य प्रदेशातील अमरकंटकपर्यंत तिचा विस्तार मानला जातो. पश्चिम भागात नर्मदा व तापी या दोन पश्चिमवाहिनी नद्यांची खोरी तिच्यामुळे अलग झाली आहेत. पूर्व भागात ती नर्मदा व गोदावरी यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, धुळे, जळगाव, बुलढाणा, अकोला व अमरावती या जिल्ह्यांच्या उत्तर भागांत तिच्या शाखा व उतार येतात. पचमढीजवळील धूपगड (१,३५० मी.) हे सर्वोच्च शिखर होय. महाराष्ट्रातील भागात नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंभा (१,३२५ मी.) सर्वांत उंच असून त्याच जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार सु. १,१५० मी. उंचीवर आहे.

या रांगेचे आजचे नाव व त्या नावाने दर्शविला जाणारा प्रदेश या दोन्ही गोष्टी एकाच वेळी निश्चित झालेल्या नाहीत. एका मर्यादित डोंगराळ भागाचे नाव हळूहळू संपूर्ण रांगेस लागू झाले. हे नाव पायथ्याच्या लोकांनी दुरून पाहून दिलेले आहे. रांगेच्या आत राहणाऱ्या लोकांची नावे निराळी, लहान व स्थळपरत्वे बदलणारी आहेत. या दोन नामपद्धतींमधील अंतर येथील भूगोल, प्रशासन व वनहक्क यांच्या इतिहासात वारंवार प्रत्ययास येते. जळगाव जिल्ह्यातील फैजपूरच्या उत्तरेस असलेला यावल–रावेर भाग त्याचे चांगले उदाहरण आहे.

व्युत्पत्ती : ‘सातपुडा’ या नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. पहिलीनुसार ‘सात पुडांचा’, म्हणजे सात थरांचा किंवा सात घड्यांचा पर्वत तो सातपुडा. दुसरीनुसार मूळ शब्द ‘सातपुत्र’ असून हे डोंगर विंध्य पर्वताचे सात पुत्र होत. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये दोन्ही व्युत्पत्ती नोंदविल्या आहेत. भाषिक दृष्ट्या पहिली अधिक ग्राह्य वाटते. संस्कृत ‘पुट’ म्हणजे घडी, पदर किंवा आवरण. दोन स्वरांमधील ‘ट’ चा ‘ड’ होणे हे मराठीत नियमित आहे. ‘घट’ पासून घडा व ‘वट’ पासून वड झाला, तसाच ‘पुट’ पासून पूड व पुडा. औषधाला पुटे देणे, रंगाचा पुट चढविणे या प्रयोगांत मूळ शब्द अद्याप टिकून आहे. याउलट ‘पुत्र’ या शब्दापासून ‘पूत’ हे रूप येते. त्यातून ‘पुडा’ सिद्ध होणे कठीण आहे. तथापि सात पुत्रांची कल्पना निराधार म्हणून सोडून देता येत नाही. उत्तरेकडील मोठ्या व पुराणप्रसिद्ध पर्वताशी या डोंगरांचे नाते जोडण्याचा प्रयत्न तीत दिसतो.

‘सात’ ही संख्या मोजणीची नसून बहुत्वाची निदर्शक असावी. पुराणांतील कुलपर्वत सात आहेत व पाणवठ्यावर पूजिल्या जाणाऱ्या आसराही सातच. खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील सह्याद्रीच्या शाखेस सातमाळा म्हणतात. त्यामुळे उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा अशा दोन ‘सातां’च्या मध्ये तापीचे हे खोरे वसले आहे. पायथ्यावरून पाहिले असता एकामागे एक अशा डोंगरांच्या ओळी फिकट होत गेलेल्या दिसतात. त्या नेमक्या सात भरत नाहीत. परंतु घडी घातलेल्या वस्त्राच्या पदरांचे साम्य मात्र स्पष्ट जाणवते. हे दृश्य मैदानातून दिसणारे आहे. डोंगरात शिरलेल्या माणसास पदर दिसत नाहीत. त्यास एक दरी, एक कडा व एक नाला एवढेच दिसते.

इंग्रजी लेखनात ‘ड’ साठी ‘र’ चे अक्षर वापरले गेल्याने या नावाचे रूप ‘सातपुरा’ असे झाले. ‘पुर’ म्हणजे नगर, असा त्याचा अर्थ कोणी लावल्यास तो चुकीचा ठरेल. मराठीत ‘सातपुडा’ व हिंदीत ‘सतपुड़ा’ ही रूपे रूढ आहेत.

प्राचीन उल्लेख : प्राचीन वाङ्मयात ‘सातपुडा’ हे नाव आढळत नाही. पुराणांतील सात कुलपर्वत महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य व पारियात्र हे होत. यांपैकी ऋक्ष पर्वत म्हणजे सातपुडा, असे मत अनेकदा मांडले जाते. मात्र पुराणांत एकवाक्यता नाही. विष्णुपुराणात नर्मदा विंध्यातून व तापी, पयोष्णी या नद्या ऋक्षातून निघाल्याचे म्हटले आहे. मार्कंडेय पुराणात नर्मदेचा उगम ऋक्षात व तापीचा विंध्यात सांगितला आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने नर्मदा व तापी या दोन्ही नद्या विंध्यातूनच निघाल्याचे नमूद केले आहे. यावरून नर्मदेच्या दोन्ही बाजूंचे डोंगर प्राचीन काळी एकमेकांपासून आजच्याप्रमाणे काटेकोर अलग मानले जात नसावेत असे दिसते. नर्मदेच्या उत्तरेस विंध्य व दक्षिणेस सातपुडा ही विभागणी त्या मानाने अलीकडची आहे.

महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रेत पयोष्णीवर स्नान करून युधिष्ठिर वैदूर्य पर्वत व नर्मदा यांकडे गेल्याचे वर्णन आहे. पयोष्णी म्हणजे तापी किंवा तिची उपनदी पूर्णा असे मानल्यास तिच्या व नर्मदेच्या मध्ये असलेला वैदूर्य पर्वत सातपुड्याचाच पश्चिम भाग ठरतो. काही अभ्यासकांनी तसे प्रतिपादन केले आहे. ज्या वाटेने यात्री एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जात, त्या वाटेवरील पर्वत एवढीच त्या नावाची व्याप्ती होती. प्राचीन नावे बहुधा नदीच्या व तीर्थाच्या अनुषंगाने येतात. बैतूल जिल्ह्यातील तापीच्या उगमस्थानाचे मुलताई हे नाव ‘मूलतापी’ पासून आलेले असून तेही याच प्रकारचे आहे.

मध्ययुग : मध्ययुगीन इतिहासात या पर्वताला महत्त्व आले ते त्यातील वाटांमुळे. बऱ्हाणपूरजवळ रांग तुटलेली असून या खिंडीतून उत्तर हिंदुस्थान व दख्खन यांमधील मुख्य मार्ग जात असे. तिच्यावर लक्ष ठेवणारा असीरगड दख्खनचे द्वार म्हणून ओळखला जाई. आसा अहीर या गवळी राजावरून गडास हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. फारुकी घराण्याने १३८२ ते १६०१ पर्यंत खानदेशावर राज्य केले. बऱ्हाणपूर हे नगर त्याच घराण्यातील नसीरखानाने वसविले असून त्याचे नाव सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून ठेवलेले आहे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या ताब्यात आला व फारुकी राज्य संपुष्टात आले. अकबराने आपला पुत्र दानियाल याच्या नावावरून खानदेशास ‘दानदेश’ हे नाव दिले. परंतु ते टिकले नाही. सातपुडा या नावामागे अशी कोणतीही राजाज्ञा नव्हती. ते लोकांच्या तोंडी राहिले म्हणून टिकले.

दुसरी महत्त्वाची वाट सेंधव्याच्या घाटाची. मुंबई–आग्रा मार्ग शिरपूरच्या उत्तरेस याच घाटातून सातपुडा ओलांडतो. घाटाच्या संरक्षणाचे काम परंपरेने भिल्ल नायकांकडे असे. डोंगराची माहिती, वाटांची नावे व पाणवठ्यांच्या खुणा त्यांच्याजवळ होत्या. मैदानातील सत्ता कोणाचीही असो, वाट चालू ठेवण्यासाठी तिला या माहितीवर अवलंबून राहावे लागे.

ब्रिटिश काळ व नावाचा विस्तार : १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. डोंगरातील भिल्लांवर नियंत्रण ठेवण्यासाठी १८२५ मध्ये जेम्स उट्रम याने भिल्ल पलटण उभारली. सेंधवा घाटाचा रखवालदार खाज्या नाईक याने १८५७ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. हे स्थळ आज मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात आहे. आंब्याजवळचे पाणी एवढाच अर्थ असलेले एका रानातील ठिकाणाचे नाव या लढाईमुळे इतिहासात नोंदले गेले.

‘सातपुडा’ हे नाव मूलतः निमाडमधील, म्हणजे नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांमधील डोंगरांपुरतेच मर्यादित होते, असे ब्रिटिश गॅझेटिअरने स्पष्टपणे नोंदविले असून पूर्वेस अमरकंटकपासून पश्चिमेस किनाऱ्याजवळपर्यंतच्या रांगेसाठी त्याचा वापर नंतरचा असल्याचे म्हटले आहे. या विस्तारामागे अनेक कारणे होती. मोजणी व नकाशे यांसाठी संपूर्ण रांगेस एकच नाव सोयीचे होते. १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता हा लोहमार्ग पूर्ण झाला. तो भुसावळ, बऱ्हाणपूर व खांडवा या मार्गाने बऱ्हाणपूरच्या खिंडीतूनच जातो. जेम्स फोर्सिथ याचे मध्य भारतातील उच्च प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये व रॉबर्ट स्टर्नडेल याचे सिवनी व सातपुड्यातील शिकारजीवनावरील पुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा लेखनामुळे हे नाव इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. महादेव, मैकल, गाविलगड, राजपीपला इ. डोंगरांची नावे नाहीशी झाली नाहीत. परंतु ती एका मोठ्या नावाखालील पोटनावे ठरली.

याच काळात जगातील सर्वोच्च शिखरास १८६५ मध्ये मोजणी खात्याचा माजी प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट याचे नाव देण्यात आले. सातपुड्याच्या बाबतीत तसे झाले नाही. नाव देशी राहिले, त्याची व्याप्ती मात्र सरकारी कागदपत्रांनी ठरविली.

भूरचना : सातपुडा हा दोन खचदऱ्यांमध्ये उंच राहिलेला गट पर्वत मानला जातो. उत्तरेस नर्मदेची व दक्षिणेस तापीची खचदरी आहे. पश्चिम भाग मुख्यत्वे दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा असून तो सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांपासून बनला आहे. पूर्वेकडे महादेव डोंगरात गोंडवन काळातील वालुकाश्म उघडे पडले आहेत. लाव्हाचे थर एकावर एक साचलेले असल्याने ‘पूड’ हा शब्द भूशास्त्रीय दृष्ट्याही अन्वर्थक ठरतो; अर्थात नाव देणाऱ्यांच्या मनात ही कल्पना नव्हती.

दक्षिण पायथ्याशी एक मोठा विभंग असून त्याच्या अनुषंगाने उष्ण झरे आढळतात. चोपडे तालुक्यातील अडावदजवळचे उनपदेव हे त्यांपैकी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात उनकेश्वर, उन्हवरे इ. उष्ण झऱ्यांच्या नावांत आढळणारा ऊन या अर्थाचा शब्दच येथेही दिसतो.

यावल–रावेर भाग : चोपडे, यावल, फैजपूर, सावदे व रावेर ही गावे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर असून हा मार्ग रांगेस जवळजवळ समांतर जातो. त्याच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी आहे. मैदान समुद्रसपाटीपासून सु. २०० मी. उंच असून डोंगर त्यावरून एकदम उभा राहतो. त्यामुळे या गावांना सातपुडा ही उत्तर दिशेची खूणच झाली आहे. येथील लेवा गणबोली बोलणारा शेतकरी त्यास केवळ ‘सातपुडा’ म्हणतो. मैकल वा महादेव यांच्याशी त्याचा संबंध त्याला अभिप्रेत नसतो.

सुकी, मोर इ. नद्या येथे डोंगरातून उतरून तापीस मिळतात. डोंगर सोडताच त्यांचा वेग मंदावतो व त्या गोटे, वाळू व गाळ पायथ्याशी टाकतात. त्यामुळे पायथ्यालगत सच्छिद्र गाळाचा रुंद पट्टा बनला आहे. पावसाळ्यानंतर नद्यांचे पाणी या पट्ट्यात मुरते व पुढे दक्षिणेकडील विहिरींना मिळते. फैजपूर, सावदे व रावेर परिसरातील केळीच्या बागा या पाण्यावर उभ्या राहिल्या. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मात्र उपसा वाढल्याने भूजल पातळी खोल गेली असून यावल व रावेर हे तालुके भूजलाच्या अतिशोषणासाठी ओळखले जाऊ लागले. तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेसंबंधी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांमध्ये मे २०२५ मध्ये करार झाला. पायथ्याच्या या पट्ट्यात पाणी मुरविणे हे तिचे मुख्य सूत्र आहे. मैदानातील समृद्धीचा उगम डोंगरात आहे, ही गोष्ट विहिरी खोल जाऊ लागल्यावर अधिक स्पष्ट झाली.

फैजपूर पूर्वी कापडाची छपाई व निळ्या-तांबड्या रंगांचे रंगकाम यांसाठी प्रसिद्ध होते, तसेच येथील आठवडी बाजारात इमारती लाकडाची मोठी उलाढाल होत असे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन होय. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू, गवत, लाकूड इ. साध्या व स्थानिक साहित्यातून केली. शेतकऱ्यांच्या प्रश्नांविषयीचा कार्यक्रम या अधिवेशनात मंजूर झाला. तो प्रामुख्याने मैदानातील कुळे व शेतसारा यांना अनुलक्षून होता. डोंगरातील वनांचा व वनवासींच्या हक्कांचा प्रश्न पुढील काळात ऐरणीवर आला.

डोंगरातील नावे : या भागात पावरा, बारेला, भिल्ल व तडवी या समाजांची वस्ती आहे. तडवी हे धर्माने मुसलमान असलेले भिल्ल असून पायथ्यालगतच्या गावांत त्यांची संख्या विशेष आहे. पावरा व बारेला ही एकाच समाजाची दोन नावे मानली जातात. पहिले महाराष्ट्रात व दुसरे मध्य प्रदेशात अधिक प्रचलित आहे. म्हणजे डोंगरावरून गेलेल्या राज्यसीमेबरोबर माणसांचे नावही बदलते.

वाड्या, पाडे व नाले यांची नावे पाणी, झाड, प्राणी किंवा जमिनीची ठेवण यांवरून पडलेली आहेत. आंबापाणी, वाघझिरा, लंगडा आंबा, मोहमांडली, निमड्या, अंधारमळी, उसमळी, जामन्या ही त्यांपैकी काही. ‘पाणी’ व ‘झिरा’ हे शब्द उन्हाळ्यातही पाणी मिळण्याची जागा दाखवितात. ‘लंगडा आंबा’ हे नाव एका झाडावरून पडले असले, तरी ते वाट चुकू नये यासाठी पुरेसे असते. अशी नावे एकापेक्षा अधिक ठिकाणी आढळतात. आंबापाणी यावल तालुक्यात आहे, तसेच बडवानीतही आहे. वर्णनात्मक नावांचे हे स्वाभाविक लक्षण होय. पंचक्रोशीपुरते ते नाव निःसंदिग्ध असते. नकाशावर मात्र ते संदिग्ध ठरते.

मोठ्या शिखरांची नावे श्रद्धेशी निगडित आहेत. अस्तंभा हे शिखर अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते व दिवाळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. याहा मोगी व राणी काजल या देवतांची उपासना नर्मदा–तापी दरम्यानच्या आदिवासींमध्ये सर्वदूर आढळते. यावल तालुक्यात पायथ्याशी असलेले मनुदेवीचे स्थान मैदानातील अनेक कुळांचे कुलदैवत आहे. या ठिकाणी मैदान व डोंगर यांची श्रद्धास्थाने एकत्र येतात.

वने, अभयारण्य व हक्क : १८७८ च्या वन अधिनियमानुसार सातपुड्यातील मोठे क्षेत्र राखीव वन झाले. राखीव वनासाठी सीमा, गट व क्रमांक आवश्यक होते. त्यामुळे पाणवठ्यांच्या नावांची जागा कागदोपत्री क्रमांकांनी घेतली, तर विभागांना पायथ्याच्या गावांची नावे मिळाली. येथील वन विभाग यावल या नावाने ओळखला जातो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या व सु. १७५ चौ. किमी. क्षेत्र असलेल्या अभयारण्याचे नावही यावल हेच आहे. प्रत्यक्षात ते रावेर तालुक्यातील पाल परिसरात डोंगरात वसलेले आहे. साग, सालई, अंजन, धावडा, खैर, तेंदू हे येथील प्रमुख वृक्ष असून बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय इ. प्राणी आढळतात. पूर्वेस मेळघाटच्या वनांशी हा पट्टा तुटक स्वरूपात जोडलेला असल्याने वन्य प्राण्यांच्या संचाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आहे. ‘सातपुडा’ हे नाव घेतलेले राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये मध्य प्रदेशात, महादेव डोंगरात स्थापन झाले. निमाडच्या डोंगरांचे मूळ नाव अशा रीतीने पूर्वेस दूरवर स्थिर झाले व ज्या भागातून ते आले त्याच्या शेजारील अभयारण्य मैदानातील गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

वनक्षेत्रातील वहिवाट व अतिक्रमण यांविषयी यावल अभयारण्यात दीर्घकाळ संघर्ष झाला. वृक्षतोडीने वन विरळ झाले, ही एक बाजू. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या नावे कोणताही कागद नव्हता, ही दुसरी. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व विहित अटी पूर्ण करणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासींच्या दाव्यांचा विचार त्यात केला आहे. दाव्याच्या पुराव्यांत सरकारी कागदपत्रांबरोबरच जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने व वृद्धांचे निवेदन यांचाही नियमांत समावेश आहे. ग्रामसभेला सामूहिक वनाच्या पारंपरिक सीमाही सांगाव्या लागतात. अशा सीमा क्रमांकांत सांगता येत नाहीत. अमुक झिरा, अमुक आंबा, अमुक देवाचा दगड असेच त्यांचे वर्णन होते. त्यामुळे केवळ बोलण्यात राहिलेल्या लहान नावांना कायद्याच्या दृष्टीने वजन आले. ज्या गावात ही नावे सांगणारी वृद्ध माणसे राहिली नाहीत, तेथे दावा तेवढ्या प्रमाणात दुबळा होतो.

सातपुड्याच्या नामकरणाचा इतिहास अशा प्रकारे दोन दिशांनी घडला आहे. एका दिशेने एका डोंगराळ भागाचे नाव पसरत जाऊन सु. ९०० किमी. लांबीच्या रांगेचे झाले. त्यामुळे ती रांग देशाच्या भूगोलात एकसंध म्हणून ओळखली गेली. दुसऱ्या दिशेने त्या रांगेतील प्रत्येक पाणवठा व झाड यांची नावे ज्या वस्तीत निर्माण झाली तेथेच राहिली. स्थळनामांचा पद्धतशीर संग्रह करताना आजवर गावे, किल्ले व तीर्थे यांवर भर देण्यात आला. डोंगरातील सूक्ष्म नावांची नोंद पावरी, भिल्ली व तडवी बोली जाणणाऱ्यांच्या साहाय्याने होणे अगत्याचे आहे. कारण पाणी व हक्क या दोन्ही प्रश्नांत उपयोगी पडणारी माहिती त्या नावांत साठविलेली आहे.